‘थँक्यू’चा मेल टाळून कंपनी हरित होत नाही

दरवर्षी 5 जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की मोठ्या कंपन्यांच्या ग्रुपांवर आणि लिंक्डइनवर एकाच साच्यातला मजकूर फिरू लागतो. जुने मेल डिलीट करा, नुसतं ‘थँक्यू’ लिहिलेला मेल पाठवू नका, डार्क मोड लावा, प्रिंट काढू नका. कंपनीचं काम क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर गेलंय, इमारतीला हरित बांधकामाचं प्लॅटिनम मानांकन आहे, आता उरलेली जबाबदारी कर्मचाऱ्यांची. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण कशाचा भार किती हा हिशेब यात पार चुकलेला आहे, आणि त्यामुळे खरे निर्णय ज्यांच्या हातात आहेत त्यांना कोणी काही विचारतच नाही. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘थँक्यू’चे मेल टाळले तर हजारो टन कार्बन वाचतो

हा दावा ब्रिटनमधून आला. 2019 मध्ये ओव्हो एनर्जी या वीजकंपनीने जाहीर केलं की, तिथल्या प्रत्येक प्रौढाने रोज आभाराचा एक मेल कमी पाठवला तर वर्षाला 16,433 टन कार्बन वाचेल. आकडा मोठा वाटतो. पण ब्रिटनचं वार्षिक उत्सर्जन तेव्हा 40 कोटी टनांहून अधिक होतं, म्हणजे ही बचत साधारण 0.004 टक्के. शिवाय तीही कागदावरचीच. तो मेल गेला नाही म्हणून सर्व्हर, राउटर किंवा तुमचा लॅपटॉप बंद होत नाही. ती यंत्रणा तेवढीच वीज खात राहते.

जुने मेल डिलीट केले तर वीज आणि पाणी वाचतं

ऑगस्ट 2025 मध्ये इंग्लंडमध्ये पाणीटंचाई असताना सरकारी यंत्रणेनेच नागरिकांना जुने मेल आणि फोटो काढून टाकायला सांगितलं, कारण डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हरनी भरलेल्या इमारती, थंड ठेवायला पाणी लागतं. पाणी लागतं हे खरंच आहे. पण ते मुख्यतः प्रोसेसर सतत राबतात त्या उष्णतेसाठी. नुसत्या साठवून ठेवलेल्या मेलचा त्यात वाटा नगण्य. डिस्क अर्धी भरलेली असो की पूर्ण, ती जवळपास तेवढीच वीज घेते. उलट दहा वर्षांचे मेल शोधून काढत बसलात, तर तेवढा वेळ तुमची स्क्रीन आणि पलीकडचा सर्व्हर दोन्ही कामाला लागतात.

डार्क मोडने वीज वाचते

ओएलईडी पडद्याच्या, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा फोनवर वाचते, तीही पडदा खूप प्रखर ठेवला तरच डोळ्यांत भरेल इतकी. ऑफिसातले बहुतेक मॉनिटर एलसीडी असतात. त्यांचा मागचा दिवा काळ्या पानामागेही तसाच जळतो. हा मुद्दा इथेच संपतो.

कागद वाचवला की झाडं वाचतात

प्रिंट कमी काढा, जरूर. पण भारतातला बराचसा कागद रद्दीपासून बनतो, आणि लाकडाचा वाटा मुख्यतः शेतात मुद्दाम लावलेल्या निलगिरी-सुबाभळीतून येतो. ‘इतके प्रिंट वाचले म्हणजे इतकी जंगलातली झाडं वाचली’ हे गणित इथे लागू होत नाही.

आता ज्याचा त्या मजकुरात उल्लेखही नसतो, त्याकडे वळू. तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप. उत्पादकांचे स्वतःचे अहवाल पाहिले तर त्याच्या एकूण उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो खोक्यातून बाहेर येण्याआधीच झालेला असतो: चिप, पडदा, बॅटरी, खाणकाम. एक लॅपटॉप बनवायला 250 किलो कार्बन धरू. दहा हजार कर्मचाऱ्यांच्या कंपनीने तो तीन वर्षांऐवजी पाच वर्षं वापरला, तर निर्मितीचा भार दरवर्षी सुमारे 330 टनांनी कमी होतो. त्याच दहा हजार जणांनी कामाच्या प्रत्येक दिवशी आभाराचा एक मेल टाळला, आणि मेलमागे पूर्ण एक ग्रॅम वाचतो असं उदारपणे मानलं, तरी वर्षाकाठी अडीच टनही भरत नाहीत. एक निर्णय खरेदी विभागाच्या एका बैठकीत होतो, दुसऱ्यासाठी दहा हजार माणसांच्या मनात अपराधीपणा पेरावा लागतो.

आणि हा प्रश्न आत्ताचा आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, संपला. नवीन विंडोजच्या अटींत न बसणारे, पण धडधाकट चालणारे लॅपटॉप अनेक कंपन्यांनी एकगठ्ठा काढायला घेतले. कंपन्यांना पैसे भरून आणखी तीन वर्षांपर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. काही यंत्रं विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीवर नेता येतात. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम 22 टक्के कचऱ्याच्या रीतसर पुनर्चक्रीकरणाची नोंद सापडते. आपले जुने लॅपटॉप नोंदणीकृत केंद्रात गेले की लिलावातून भंगारात, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला आहे असं मला ठामपणे वाटतं.

सगळं क्लाउडवर गेलं, म्हणजे प्रश्न मिटला

अर्धं खरं. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या, अठरा अंशांवर गारठवलेल्या सर्व्हर रूमपेक्षा मोठं डेटा सेंटर बरंच काटकसरीने चालतं. पण त्यासाठी जुनी खोली खरोखर बंद व्हावी लागते. आणि क्लाउडलाही जमीन, वीज, सिमेंट लागतं. मुंबईकरांनी नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या बाजूला उभी राहिलेली डेटा सेंटर जाऊन पाहावीत. मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये वचन दिलं होतं की 2030 पर्यंत आपण सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढून घेऊ. 2023 पर्यंत कंपनीचं उत्सर्जन उलट 29 टक्क्यांनी वाढलं. कारण कंपनीनेच सांगितलं: नवी डेटा सेंटर, त्यांचं काँक्रीट, पोलाद, सर्व्हर आणि चिप.

कंपनीला क्लाउडवर करता येण्याजोगी सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे चाचणीसाठी घेतलेले सर्व्हर रात्री आणि शनिवार-रविवारी बंद ठेवणं. आठवड्यात 168 तास असतात. टीम पाच दिवस रोज बारा तास काम करत असेल तरी 60 होतात. उरलेले 108 तास ते सर्व्हर कोणासाठी चालू असतात?

इमारतीला प्लॅटिनम आहे

मानांकनाला मी कमी लेखत नाही. सीआयआय या उद्योगसंघटनेच्या हैदराबादमधल्या सोहराबजी गोदरेज केंद्राने 2003 मध्ये ते मिळवलं, तेव्हा देशात या विषयाला दिशा मिळाली. पण नव्या इमारतीचं मानांकन मुख्यतः आराखडा आणि अंदाज यांवर मिळतं. रोजच्या वीजबिलावर ते आपोआप दिसत नाही. त्यासाठी बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकन पाहावं. ते प्रत्यक्ष वापरलेल्या विजेवर, दर चौरस मीटरमागे ठरतं.

इमारत खरोखर कशी सुधारते याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण इन्फोसिसच्या हैदराबादमधल्या पोचारम परिसरातलं आहे. 2011 च्या सुमारास तिथे एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात नेहमीचा, पण उत्तम जुळवलेला एसी. दुसऱ्यात स्लॅबमध्ये पाईप घालून त्यांतून थंड पाणी फिरवलं. थंडाव्यासाठी दुसऱ्या भागाला साधारण एक तृतीयांश वीज कमी लागली, बांधकामाचा खर्च जवळपास तेवढाच. मोजमाप जाहीर केलं, म्हणून इतरांना शिकता आलं. मला हवी आहे ती ही वृत्ती: दोन्हीकडे मीटर लावा आणि आकडे सगळ्यांना दाखवा.

पश्चिमेकडे तोंड करून आख्खी काचेची भिंत उभारायची आणि मग तिच्यातून आलेलं ऊन एसीने उपसायचं, हे आपल्या हवेत शहाणपणाचं नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता साध्या नियमाने खिडक्यांचा वाटा भिंतीच्या 40 टक्क्यांपर्यंतच मान्य करते. आणि जुनी इमारत सावरता येत असेल तर नवी कशाला? 1924 चं बॉम्बे हाउस टाटांनी आतून नवं करून 2018 मध्ये पुन्हा उघडलं. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. जी इमारत बांधावीच लागली नाही, तिचं सिमेंट पूर्ण वाचतं.

तेव्हा पुढचा असा मेसेज आला की कंपनीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल उघडा. शेअर बाजाराची नियामक सेबी हिने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 पासून तो सक्तीचा केला आहे. वीज, पाणी, ई-कचरा, सगळं त्यात असतं. खरेदी केलेल्या वस्तू आणि बांधकामाचं उत्सर्जन मात्र ‘स्कोप 3’ मध्ये, म्हणजे पुरवठादारांकडे वगैरे होणाऱ्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात येतं आणि ते देणं अजून ऐच्छिक आहे. लॅपटॉप आणि सिमेंट नेमके तिथेच गळतात. तो रकाना रिकामा दिसला, तर पुढच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, हात वर करून विचारा.