व्हील कव्हर काढूनच टाका, पण नीट काढा

सोलापुरात गाडीला व्हील कव्हर ठेवायचंच कशाला? लोखंडी रिमवर दाबून बसवलेली प्लॅस्टिकची थाळी ती. आव महागड्या अलॉय व्हीलचा आणि खाली नट, गंज, चिखल सगळं झाकलेलं.

काढायला जॅक बहुतेक लागत नाही. आधी नटाची कड कव्हरवर टेकलीय का बघा. काही मॉडेलमध्ये कव्हर नटाखाली दाबलेलं असतं, तिथे ओढलं की फुटलंच. जॅक लावून नट काढावे लागतात. बाकीची मागच्या क्लिपा आणि तारेच्या रिंगवर धरलेली असतात. दोन्ही हातांची बोटं समोरासमोरच्या खाचांत घालून सरळ आपल्याकडे ओढा. हलत नसेल तर व्हील पान्याच्या चपट्या टोकाला फडकं गुंडाळून कव्हर आणि रिमच्या मधे घाला (टायर आणि रिमच्या मधे नव्हे!), जरासं उचका, चार बोटं पुढे सरका, परत उचका. एकाच जागी जोर लावला की क्लिप गेली. थंडीतल्या पहाटे हा उद्योग नको, गार प्लॅस्टिक कडक असतं. लांबून आल्या आल्याही नको, ब्रेकमुळे रिम तापलेली असते.

निघालं की आत बघा. पावसाळ्यात मंद्रूपकडच्या रानातून गाडी आणली असेल तर काळी माती रिमला एका बाजूला चिकटून दगड झालेली असते. सत्तर-ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं ते कित्येकदा हिच्यामुळे, आणि आपण पळतो बॅलन्सिंगला. आधी खरवडा, धुवा, मग ठरवा.

गंज असेल तर वायर ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा अस्तराचा हात, वर काळ्या स्प्रेचे दोन पातळ हात. व्हॉल्व्हला टेप लावा. नट जिथे बसतो त्या तिरक्या कडेवर मात्र रंगाचा थेंबही नको. तो थर पुढे दबतो, झिजतो आणि नट ढिला पडतो. चाक खोललं असेल तर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघा.

ज्यांना कव्हर सोडवतच नाही त्यांनी बसवताना आधी व्हॉल्व्हची खाच जुळवावी, तिथून दाबत तळहाताने गोल फिरावं. खाच चुकली तर कव्हर व्हॉल्व्हला रेटतं आणि हवा हळूहळू जाते. हातोडी नको. आणि केबल टायने बांधणाऱ्यांनो, डिकीत कटर ठेवा. रात्री टेंभुर्णीच्या पुढे पंक्चर झाली तर टाय दातांनी तुटत नाही.