गीताची कुस्ती एकतर्फी होती, हे सांगायलाच हवं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

खऱ्या घटनांवर बेतलेल्या क्रीडापटांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. तुम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहात. तुमचं म्हणणं असं की सिनेमा म्हणजे माहितीपट नव्हे, धावफलक घेऊन बसलं की रसभंग होतो. ‘दंगल’ बघून तुमच्या शाळेतल्या मुली आखाड्यात उतरल्या, मग शेवटच्या कुस्तीचे गुण बदलले म्हणून कुणाचं काय बिघडलं? प्रश्न तुम्ही तळमळीने विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जिथे आपलं जमतं ते. आयुष्य दोन-अडीच तासांत बसवायचं तर काटछाट होणारच. दोन माणसांचं एक पात्र होईल, पाच वर्षांचे पाच प्रसंग होतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘चक दे’चंच घ्या. 1982च्या दिल्ली एशियाडच्या हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला 7-1 हरवलं, तेव्हा गोलरक्षक होते मीररंजन नेगी. पुढे त्यांनी जो संशय सोसला तो भयंकर होता. 2002मध्ये मँचेस्टरला महिला संघाने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, तेव्हा ते संघाच्या प्रशिक्षकांमध्ये होते. मुख्य प्रशिक्षक एम. के. कौशिक. चित्रपटाने यातलं बीज घेतलं आणि बाकी सगळं बदललं. गोलरक्षकाचा फॉरवर्ड झाला, राष्ट्रकुलचा विश्वचषक झाला, नावं तर सगळीच नवी. त्यामुळे कुणा जिवंत माणसाच्या माथी काही मारलं गेलं नाही. हे मला पूर्ण मान्य आहे.

मुरलीकांत पेटकरांबद्दल तुम्ही लिहिलंत तेही खरं. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालेला हा माणूस 1972मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहला, विश्वविक्रम करून सुवर्ण घेऊन आला, पुढे इथेच टेल्कोत नोकरी करत राहिला, आणि शेजारच्या पेठांतल्या लोकांनाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. 2018ला पद्मश्री मिळाली तेव्हा थोडी चर्चा झाली. घराघरांत नाव पोहोचलं ते 2024च्या ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटाने. हे ऋण मी नाकारत नाही.

पण गुणफलकाचं काय? ‘दंगल’मध्ये 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम कुस्ती आठवा. गीता पिछाडीवर, घड्याळ संपत आलेलं, आणि शेवटच्या क्षणी पाच गुणांचा डाव. थिएटरात लोक उभे राहतात. प्रत्यक्षात 55 किलो गटाच्या त्या कुस्तीत गीता फोगटने ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला 1-0, 7-0 असं सरळ हरवलं. सर, तुम्ही मुलींना मैदानात घडवलंय, तुम्हीच सांगा, यातलं मोठं काय? बलालीसारख्या गावातली मुलगी आंतरराष्ट्रीय अंतिम लढतीत समोरचीला एकही गुण देत नाही, ही वर्षानुवर्षांच्या मेहनतीची पावती आहे. चित्रपटाने ती पावती काढून घेतली आणि तिच्या हातात शेवटच्या सेकंदाचा चमत्कार दिला.

‘गोल्ड’ने तर याहून मोठी गोष्ट घालवली. 1948चं लंडन ऑलिम्पिक, वेम्बलीवर हॉकीचा अंतिम सामना. स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष झालेलं. समोर ग्रेट ब्रिटन. निकाल 4-0, त्यात बलबीरसिंगांचे दोन गोल. ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांना त्यांच्याच मैदानावर आपण एक गोलसुद्धा करू दिला नाही! या शून्यात किती काय भरलेलं आहे. पडद्यावर तोच सामना 4-3 झाला, का, तर उत्कंठा हवी. ज्या पिढीने त्या दिवशी रेडिओला कान लावले असतील, तिला त्या शून्याचीच तर ऊब होती.

आता तुमचा खरा प्रश्न, कुणाचं काय बिघडलं. ‘दंगल’मधला तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा: अंतिम कुस्तीच्या आधी गीताच्या वडिलांना, महावीरसिंगांना, फसवून एका खोलीत नेतात, बाहेरून कडी लागते, ते दार बडवत राहतात, आणि शेवटी राष्ट्रगीत कानावर पडतं तेव्हा त्यांना कळतं की पोरगी जिंकली. असं काही घडलंच नव्हतं. या कारस्थानामागे दाखवलाय राष्ट्रीय प्रशिक्षक, मत्सरी, कोत्या मनाचा. नाव दिलंय प्रमोद कदम, आणि आपल्या गिरीश कुलकर्णींनी ती भूमिका इतकी चोख केली की राग येतोच. पण वडील खरे, मुली खऱ्या, गाव खरं, स्पर्धा खरी असताना प्रशिक्षकाचं तेवढं नाव बदलून भागत नाही. महिलांच्या राष्ट्रीय शिबिराची जबाबदारी कुणाकडे होती हे कुस्तीच्या जगात सगळ्यांना माहीत होतं. ते प्रशिक्षक, पी. आर. सोंधी, यांनी या चित्रणाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. ज्या माणसाच्या शिबिरात मुली तयार झाल्या, त्याच्या पदरात हे पडलं. तुम्ही स्वतः क्रीडाशिक्षक आहात, म्हणून हे तुम्हाला जास्त बोचावं असं मला वाटतं.

आणि नुकसान एका माणसापुरतंही राहत नाही. कात्रजकडच्या एका तालमीत माझं जाणं-येणं आहे. तिथे एका हुशार मुलीची शिबिरासाठी निवड झाली, तर वडील पाठवायला तयार होईनात. वस्ताद समजावत होते आणि वडील एकच बोलत होते, “कॅम्पातले कोच पोरींची वाट लावतात, पिच्चरमध्ये नाही का दाखवलं?” वस्तादांना काय उत्तर द्यावं सुचेना. “काही प्रसंग काल्पनिक आहेत” ही पाटी सुरुवातीला येऊन जाते खरी. तेव्हा निम्मे लोक अंधारात आपली खुर्ची शोधत असतात.

आणखी एक गोष्ट, जिचा मला फार विचार पडतो. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध 5 बाद 17 आणि तिथून कपिलदेवचे नाबाद 175. किरमाणीबरोबर नवव्या गड्यासाठी न तुटलेली 126ची भागी. या खेळीचं चित्रीकरणच उपलब्ध नाही. ‘83’मध्ये ती उभी केली आहे आणि बहुतांशी जपून केली आहे, पण मुद्दा असा की यापुढच्या मुलांसाठी ती खेळी म्हणजे तो चित्रपटच. जिथे मूळ चित्र नाही तिथे पडद्यावरचं चित्र पुरावा होऊन बसतं. असा पुरावा करणाऱ्याने हवं ते भरायचं का?

खरं ठेवलं तर नाट्य मरतं, हे मला पटत नाही. 1962च्या जकार्ता एशियाडमध्ये फुटबॉलपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी या बचावपटूला आघाडीला खेळवलं आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. 2-1. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगाने गेले. यात पटकथाकाराने काय घालायचं राहिलंय?

शेवटी तुम्ही विचारलंत की मला हवा तरी कसला चित्रपट. खाशाबा जाधवांचा, जसा घडला तसा. गोळेश्वरचा मुलगा, हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नाहीत, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर घर गहाण ठेवून सात हजार उभे करतात. तिथे जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर पुरती विश्रांतीही न देता पुढच्या लढतीला उभं केलं जातं, आणि आपली बाजू मांडायला आपला एक अधिकारी जवळ नसतो. तरी 1952चं कांस्य येतं. खलनायक लागलाच तर तो रिकामा कोपरा आहे की.

तुमच्या शाळेत दरवर्षी 29 ऑगस्टला मुलांना ‘दंगल’ दाखवतात असं तुम्ही लिहिलंय. जरूर दाखवा, मीही मुलांबरोबर बसून बघेन. फक्त दिवे लागल्यावर फळ्यावर 1-0, 7-0 लिहा, आणि खोलीला कडी कुणी लावली नव्हती हेही त्यांना सांगा. तुमच्या मुलींना काय वाटतं ते मला वाचायला आवडेल.