प्रीपोझिशनचा तक्ता फाडून टाका

स्पोकन इंग्लिशच्या क्लासात पहिल्या आठवड्यात एक तक्ता हमखास उतरवून घेतात. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, ॲट म्हणजे पाशी, बाय म्हणजे ने. टिळक रोडपासून पिंपरीपर्यंत हेच चालतं. माझं स्पष्ट मत आहे की पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली, एवढं सांगण्यापुरताच हा तक्ता कामाचा. आणि तिथं तसंही कुणी चुकत नाही.

इंग्रजीत प्रीपोझिशन बहुतेक वेळा आधीच्या क्रियापदाला, विशेषणाला किंवा नामाला बांधलेलं असतं. मराठी प्रत्ययावरून ते काढायला गेलं की फसगत होते. आपण माणसावर रागावतो, म्हणून ‘अँग्री ऑन मी’ लिहिलं जातं. हवं ‘अँग्री विथ मी’. लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून ‘मॅरिड विथ’. हवं ‘मॅरिड टू’. गणितात हुशार, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. हवं ‘गुड ॲट मॅथ्स’. ‘डिपेंड ऑन’ मात्र सहसा कुणाचं चुकत नाही, कारण अवलंबून राहायला आपल्याकडेही ‘वर’च लागतं. हा निव्वळ योगायोग. तक्त्यावरचा विश्वास टिकून आहे तो अशाच योगायोगांमुळे.

सगळ्यात जास्त घोळ ‘ला’ आणि ‘ने’ घालतात. त्याला विचार, त्याला सांग, त्याला समजावून दे: मराठीत तिन्हीकडे ‘ला’. इंग्रजीत ‘आस्क हिम’, ‘टेल हिम’ यांत मध्ये काही येत नाही, पण ‘एक्सप्लेन’ला ‘टू’ लागतोच: ‘एक्सप्लेन इट टू हिम’. म्हणून ‘आस्क टू हिम’ आणि ‘एक्सप्लेन मी द प्रोसेस’ या दोन उलट्या चुका एकाच मेलमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. पुण्याला जायचं तर ‘गो टू पुणे’, पण पोचायचं तर नुसतं ‘रीच पुणे’. ‘अराइव्ह’ वापरलं तर शहराला ‘इन’ आणि स्टेशनला ‘ॲट’. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’ यांच्या आधी ‘टू’ नको.

‘ने’चं तर विचारूच नका. चाकूने कापलं तर ‘विथ अ नाइफ’, आचाऱ्याने कापलं तर ‘बाय द कुक’. बसने आलो तर ‘बाय बस’. पण वाहनाच्या आधी ‘माय’, ‘द’ असं काही आलं की ‘बाय’ बाद. मग ‘इन माय कार’, ‘ऑन द बस’. ज्यात उभं राहून चालता येतं त्या बसला, मेट्रोला, विमानाला ‘ऑन’. वाकून आत शिरावं लागतं त्या कारला, रिक्षाला ‘इन’. दुचाकीवर अर्थातच ‘ऑन’. आणि फोनवरचं ते ‘दहा मिनिटांनी करतो’? ‘आफ्टर टेन मिनिट्स’ नको. बोलण्याच्या क्षणापासून पुढचा वेळ मोजताना ‘इन टेन मिनिट्स’. ‘विदिन’ म्हटलं तर दहा मिनिटं उलटायच्या आत असा शब्द दिल्यासारखं होतं.

ऑफिसात खरा घोटाळा करतो तो ‘पर्यंत’. शुक्रवारपर्यंत पाठवतो, शुक्रवारपर्यंत थांबतो. पहिल्यात काम एकदाच उरकायचं आहे, म्हणून ‘बाय फ्रायडे’. दुसऱ्यात क्रिया तोपर्यंत चालू राहणार, म्हणून ‘अंटिल फ्रायडे’. ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ वाचून परदेशातला माणूस गोंधळतो: शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहणार की काय? ‘पासून’चंही तसंच. ‘सिन्स’नंतर सुरुवातीचा बिंदू येतो, ‘सिन्स २०१९’. कालावधीला ‘फॉर थ्री इयर्स’. शिवाय क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’ असं लागतं. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ या वाक्यात दोन चुका आहेत.

हिंजवडीच्या मीटिंगांमधलं लाडकं ‘डिस्कस अबाउट’ कुठून येतं? नामाकडून. ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’ बरोबर आहे, आणि नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटतं. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘ॲन ऑर्डर फॉर टू लॅपटॉप्स’, ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’ ही सगळी नामं. क्रियापद झालं की शेपूट गळतं: ‘डिस्कस द बजेट’, ‘रिक्वेस्ट लीव्ह’, ‘ऑर्डर टू लॅपटॉप्स’, ‘एम्फसाइज क्वालिटी’. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी मेल निम्मे सुधारतात. बोलताना कुणी ‘डिस्कस अबाउट’ म्हणालं तर त्याला मध्येच अडवू नये, अर्थ पोचलेला असतो. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, रायटिंगमध्ये चार निकषांपैकी एक व्याकरणाचा, २५ टक्के वजनाचा. तिथं सूट नाही.

क्लासात क्वचितच शिकवतात अशी एक जागा आहे. ‘मी काम करतो ती कंपनी’ यात ‘कंपनीत’मधला ‘त’ गायब होतो आणि आपल्याला काही खटकत नाही. तेच इंग्रजीत उतरतं: ‘द कंपनी आय वर्क’. हवं ‘द कंपनी आय वर्क फॉर’. लिहायला पेन म्हणजे ‘अ पेन टु राइट विथ’, लिहायला कागद म्हणजे ‘पेपर टु राइट ऑन’, बसायला खुर्ची म्हणजे ‘अ चेअर टु सिट ऑन’. तपासायची सोपी युक्ती: साधं वाक्य करून बघा. ‘आय सिट ऑन अ चेअर’ असं होत असेल तर ‘ऑन’ शेवटी राहिलाच पाहिजे. प्रीपोझिशनने वाक्य संपवू नये हा दंडक इंग्रजीचा मुळीच नाही. १६७२ मध्ये इंग्लिश कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांवर घेतलेला आक्षेप आपण अजून जपून ठेवलाय.

‘सीनियर दॅन’ नव्हे, ‘सीनियर टू’. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे सगळे लॅटिनमधून आलेले, त्यांना ‘दॅन’ चालत नाही. ‘प्रिफर टी टू कॉफी’ही तसंच. आणि ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘मीट’ नको, ‘मीटिंग’ हवं. इथला ‘टू’ प्रीपोझिशन आहे. त्याच्यापुढे ‘द ट्रिप’सारखं नाम बसतं का बघा, बसलं तर ‘आयएनजी’ लावा.

वही करायचीच तर प्रीपोझिशनच्या नावाने पानं पाडू नका. ‘अँग्री विथ समवन’, ‘एक्सप्लेन समथिंग टू समवन’ असे आख्खे तुकडे लिहा, खाली स्वतःचं एक वाक्य. शंका आली तर लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, प्रीपोझिशन शोधू नका, आधीचा शब्द शोधा. कुठलं प्रीपोझिशन लागतं ते तिथंच ठळक छापलेलं असतं. जुनी प्रत पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळते, इंटरनेटवर तर फुकट आहे. गूगलवर किती निकाल आले यावरून मात्र ठरवू नका, ‘डिस्कस अबाउट’चेही ढीगभर निघतात. आणि डिक्शनरीत दोन पर्याय दिले असतील तर दोन्ही बरोबर: ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं, ‘डिफरंट टू’ ब्रिटिश, ‘डिफरंट दॅन’ अमेरिकन. ‘डाय ऑफ’ की ‘डाय फ्रॉम’ यावर मुलांचे मार्क कापणाऱ्यांनी तेही पान एकदा उघडून बघावं.