साखळदंडातल्या पुस्तकांचा तो मेसेज चुकीचा आहे

"ऑक्सफर्डच्या कॉलेजांत पुस्तकं साखळीने बांधत, कारण सामान्यांना ज्ञान मिळू द्यायचं नव्हतं. नावं दिसू नयेत म्हणून पुस्तकं उलटी लावत. छपाई आली आणि साखळ्या तुटल्या." फोटोसकट फिरणारा हा मजकूर माझी भाची कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये घालायला निघाली होती, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य वाचून तर डोकंच फिरलं. अहो, पुस्तक लोकांपासून लपवायचं असेल तर ते पेटीत घालून कुलूप लावतात! आणि आधी तसंच चालायचं. कॉलेजची पुस्तकं पेट्यांत बंद असत. ऑक्सफर्डच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजचा १२९२ चा नियम बघा. घरात असलेल्या प्रत्येक प्रकारच्या पुस्तकांपैकी एक सामाईक आणि सुरक्षित जागी ठेवावं, म्हणजे फेलोंना (कॉलेजच्या अध्यापक-सदस्यांना), आणि फेलोची संमती असेल तर इतरांनाही, त्याचा उपयोग होईल. नियमात साखळीचा उल्लेख नाही, पण अडचण नेमकी यात दिसते: पुस्तक सगळ्यांच्या हाताशी हवं आणि चोरीलाही जाता कामा नये. एका मोठ्या हस्तलिखित बायबलला शंभरावर जनावरांची कातडी लागायची, वर लेखनिकाची महिनोन्‌महिने मेहनत. अशी वस्तू उघड्यावर ठेवायची तर बांधावीच लागणार. शिवाय ऑक्सफर्डच्याच मर्टन कॉलेजात बिनसाखळीची पुस्तकंही होती; ती फेलोंना वर्षवर्षभर खोलीत न्यायला वाटून देत. ज्ञान कोंडणारे लोक असं करतात?

उलट्या, म्हणजे पाठ आत आणि पानांची कड बाहेर अशा लावलेल्या पुस्तकांचं कारण तर इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलच्या ग्रंथालयात आजही डोळ्यांनी बघता येतं. साखळीचं एक टोक पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला, दुसऱ्या टोकाची कडी फळीलगतच्या लोखंडी दांडीत. पुठ्ठ्याची ती कड बाहेर ठेवली की पुस्तक सरळ खालच्या मेजावर येतं, साखळीचा गुंता होत नाही. नावांची यादी कपाटाच्या टोकाला लावलेली असे. लपवलं काय, डोंबल!

छपाईचं म्हणाल तर ऑक्सफर्ड विद्यापीठाचं बॉडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडलं, म्हणजे गुटेनबर्गने युरोपात छपाई सुरू केल्यानंतर दीडशे वर्षांनी, आणि तिथेही साखळ्या होत्याच. त्या काढायला सुरुवात झाली १७५७ मध्ये.

एक मान्य करतो. ही दारं सगळ्यांना उघडी नव्हती. बाहेरच्याला फेलोची संमती लागे आणि बायकांना तर तिथे शिकायलाच शतकानुशतकं बंदी होती. त्यावर लिहा, मी स्वतः पुढे पाठवीन. पण ती अडवणूक माणसांनी केलेली आहे, तिचं खापर साखळीवर फोडू नका. भाचीने फोटो ठेवलाय, खालची ओळ बदललीय.