बटण मॅडमच्या हातात हवं: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही भिवापूरकडच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवता. गावच्या शाळेत वर्गातल्या शिकवण्याला ऑनलाइन धड्यांची जोड द्यावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. कोरोनात मोबाइलवरच्या शिक्षणाने लेकरांचं काय झालं ते आम्ही अजून निस्तरतो आहोत, नागपुरात वायफायजवळ बसून ते दिसत नाही, हा पहिला. मुलांनी घरी व्हिडिओ बघून यावं आणि वर्गात सराव करावा, हे गावाला धरून नाही, हा दुसरा. आणि आज पडदा आला की उद्या शिक्षक कमी होतील, परवा शाळेला कुलूप लागेल, हा तिसरा.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. घरात फोन एक, तो दिवसभर बापासोबत वावरात. संध्याकाळी घरी आला की आधी भावाच्या हातात जातो, बहिणीची पाळी भांडी घासून झाल्यावर. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना आदल्या आठवड्याबद्दल विचारलं होतं. अभ्यासासाठी फोन वापरल्याचं सुमारे ५७ टक्के बोलले, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं सुमारे ७६ टक्के. ही तर मोठी पोरं. पाचवीतल्या लेकराला घरी धडा बघून ये म्हणणं म्हणजे शाळेचं काम घराच्या गळ्यात टाकणं. ती सूचना मी मागे घेतो.

कोरोनाबद्दलही मी वाद घालणार नाही. मार्च २०२० नंतर लिंक पाठवायची आणि पाहिली का विचारायचं, एवढंच बहुतेक ठिकाणी उरलं होतं. तुम्ही पारावर पाच-पाच लेकरं बसवून शिकवलंत, असं लिहिलंय. त्या पारावरच्या तासाला मी कुठल्याही ॲपच्या वर ठेवीन. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की पारावर तुमच्याजवळ पाच लेकरं होती, वर्गात तुमच्यासमोर इयत्ता अनेक असतात.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला साठपर्यंतच्या पटामागे दोन शिक्षक दिले. मुलांच्या संख्येला ते पुरतात, इयत्तांना पुरत नाहीत. मीही अकरा वर्षं असाच शिकवत होतो. तिसरीची हातच्याची वजाबाकी चालू असली की पाचवीला 'फळ्यावरचं उतरवून घ्या'. त्या उतरवण्यात किती तास गेले, याचा हिशेब आजही मनाला लागतो. ऑनलाइन धड्याची जागा नेमकी तिथे आहे, त्या उतरवून घेण्याच्या वेळात. तुमच्या शिकवण्याच्या वेळात ती नाही.

मी शनिवारी, सकाळच्या शाळेला, उमरेडच्या पुढे एका गावात जातो. तिथे लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही पाचवीच्या कोपऱ्यात ठेवला आहे. नेट नाही. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचं 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरचं साहित्य आणि इतर काही धडे मॅडम घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणतात. आवाज बारीक ठेवतात, लेकरं सतरंजीवर टीव्हीला खेटून बसतात. चार-पाच मिनिटांचा तुकडा चालतो, तेवढ्यात मॅडम तिसरीचं वाचन घेतात. मग तिसरीला लिहायला देऊन त्या पाचवीकडे येतात, टीव्ही थांबवतात आणि प्रश्न विचारतात. लाईट गेली तर टीव्ही बंद, वर्ग चालू.

एका शनिवारी अपूर्णांक होते. पडद्यावर पिझ्झ्याचे तुकडे दाखवत होते. मॅडमनी थांबवून विचारलं, तिसरा हिस्सा मोठा की चौथा? एक मुलगी ठामपणे म्हणाली, "चौथा. तीनहून चार मोठे नाही का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. व्हिडिओ त्यांनी नीट पाहिला होता, तरी. मॅडमनी पिझ्झ्याचं नावही काढलं नाही.

"तुह्या आबाचं वावर किती?"

"बारा एकर."

"तीन भावांत वाटणी झाली तं एकाला किती?"

"चार एकर."

"अन् चार भावांत?"

मुलगी बोटं मोजता मोजता थांबली. "तीनच! भाऊ वाढले का हिस्सा कमी होते ना मॅडम."

त्या व्हिडिओला त्या आबाचं वावर ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण मॅडमना हा प्रश्न विचारायला मोकळी दहा मिनिटं मिळाली, ती त्या व्हिडिओमुळे. मला जोड हवी ती एवढ्यासाठी.

आता तुमची तिसरी भीती. ती मलाही आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांची, म्हणजे अनेक छोट्या शाळा मिळून एक करण्याची, चर्चा सुरू झाली, तेव्हापासून कुठलंही नवं यंत्र शाळेत आलं की गावकरी मास्तरांच्या तोंडाकडे बघतात. पण यंत्राने शिक्षकाची जागा भरून निघते असं कोणी म्हणालं, तर त्याला पेरू देशाचं उदाहरण द्या. तिथे मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा, त्याही मुख्यतः ग्रामीण, अभ्यास २०१२ मध्ये समोर आला. गणितात फरक नाही, भाषेत नाही. उलट दिल्लीत अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी शाळेबाहेरच्या केंद्रांत केलेला प्रयोग पाहा, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी ते नववीच्या मुलांना ४५ मिनिटं त्यांच्या पातळीवरून सुरू होणारं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणारं माणूस. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी, दोन्हींत ठळक वाढ. केंद्रं शहरातली होती, म्हणून ते आकडे भिवापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण वेळेची ती वाटणी मला पटते. म्हणून शाळेत टीव्ही मागताना शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात हेही लिहून घ्यावं की टीव्हीमुळे शिक्षकाचं एकही पद कमी होणार नाही. असा ठराव पुढे कामी येतो.

घरी धडा पाहायची जी कल्पना मी मागे घेतली, तिचं मूळ मात्र तुम्हाला जवळचं वाटेल. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. २००७ मध्ये त्यांनी आपले तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ती शाळा बुडणाऱ्या मुलांसाठी.

शाळा बुडणं आपल्याकडे काय असतं ते तुम्ही रोज पाहता. दिवाळीनंतर कापूस फुटतो, वेचणीला माणूस मिळत नाही आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. पंधरा दिवसांनी लेकरू परत येतं तेव्हा वर्ग भागाकारावर पोचलेला असतो आणि ते गुणाकारातच अडकलेलं असतं. त्याला मागचं शिकवायचं तर पुढचे थांबतात. त्या एका लेकराला कोपऱ्यात बसवून बुडालेले धडे दाखवायचे आणि मधल्या सुट्टीच्या आधी दहा मिनिटं त्याच्याजवळ बसायचं, एवढं तुमच्या शाळेत करून पाहता येईल का?

वेचणीच्या दिवसांत तुमची किती लेकरं जातात आणि त्यांचे नेमके कोणते धडे बुडतात, ते तुम्ही कळवा. त्याप्रमाणे पेनड्राइव्ह भरून मी एखाद्या शनिवारी आणून देतो. आधी तुम्ही सगळे धडे बघा, जे पटणार नाहीत ते पुसून टाका.