चिखलाला बूट फार आवडतात

अमावास्या-पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की उधाणाची ओहोटी येते आणि एरवी झाकलेली खाडी आपलं सगळं बिऱ्हाड उघड्यावर मांडते. बघायला जाणारा माणूस भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून निघतो. पण त्यातली वेळ बंदरावरची. खाडीत जितकं आत जावं, तितकी ओहोटी उशिरा. कोष्टकातले ०.१ मीटर म्हणजे घोटाभर पाणी, हाही गैरसमजच. तो आकडा सागरी नकाशाच्या संदर्भ पातळीवरून, म्हणजे जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीवरून मोजतात. त्यात समुद्रावरून वारा सुटला, की पाणी कोष्टकाला विचारतच नाही.

उतरत्या पाण्यामागोमाग, पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी शिरायचं आणि पाणी वळायच्या आत माघारी फिरायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. नेमका तेव्हाच एखादा फिडलर खेकडा आपली एकुलती एक अवाढव्य नांगी हलवू लागतो. तो मादीला बोलावत असतो, थांबतो आपण.

खाजणातली माती गवताच्या मुळांनी धरलेली, म्हणून बरीच घट्ट. खरी फजिती नाल्यांच्या तळाशी, गुळगुळीत चकाकणाऱ्या चिखलात. तिथे गमबूट घालून जाणं म्हणजे माझ्या मते बूट दान करणं. रुतलेला पाय उपसताना बुटाखाली हवा शिरत नाही, वरचा दाब बूट धरून ठेवतो आणि मोजा तेवढा सुटून येतो. नाडीचे, घोट्याशी आवळलेले बूट बरे. अनवाणी नको, कालवांच्या कडा ब्लेडसारखं कापतात. रुतलात तर ओढाताण करू नये. पाय जागच्या जागी हलवत कडेने पाणी आत जाऊ द्यावं, मग पंजा खाली ठेवून आधी टाच उचलावी. दोन्ही पाय अडकले तर सरळ मागे बसून वजन पसरावं. कपड्यांचा विचार त्या घडीला कोणी करत नाही.

त्या उपसाउपशीत खालचा काळा थर वर येतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तरीही सोबतचे लोक एकमेकांकडेच संशयाने बघतात.

भरती पहिल्या तासात साधारण बारावा हिस्साच चढते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात बारापैकी तीन-तीन हिस्से. अरुंद खाडीत तर याहून घाई. शिवाय पाणी समोरून येत नाही. आधी नाले भरतात, तेही आपल्या पाठीमागचे. जाताना किती नाले ओलांडले ते मोजून ठेवावं; परतताना तेवढेच आडवे येतात, फक्त कमरेएवढे होऊन.