नुसतं गप्प बसून गणित येत असतं तर

ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. म्हणे वर्गात मुलांना चालायला, उड्या मारायला लावणं म्हणजे टाइमपास, मूल शांत बसलं तरच शिकतं, हालचालीसाठी पीटीचा तास आहे की, आणि गरज असलीच तर ती फक्त ‘कायनेस्थेटिक’, म्हणजे हालचाल करतच शिकतात म्हणतात त्या मुलांना.

शांत बसण्याचं आधी बघू. नजर फळ्यावर आणि मन भलतीकडेच, हे आपण सगळ्यांनीच केलंय ना?

आता टाइमपास. नेदरलँड्समध्ये दुसरी-तिसरीच्या सुमारे 500 मुलांवर दोन वर्षं प्रयोग झाला, 2016 मध्ये छापून आला. आठवड्यातून तीनदा 20-30 मिनिटं गणित आणि भाषा हालचाल करत शिकवली, तर ती मुलं गणितात आणि स्पेलिंगमध्ये इतरांच्या पुढे गेली. वाचनात मात्र फरक पडला नाही, हेही सांगायला हवं, कारण ‘नाचवा, सगळं येईल’ म्हणणारेही कमी नाहीत.

पीटीचा तास हवाच, पण त्याचं काम वेगळं. वर्गातली हालचाल धड्यासाठी असते. ‘वजा वजा अधिक’ आपण नुसतं घोकलं, का ते कुणाला माहीत होतं? जमिनीवर खडूने संख्यारेषा काढा, पोराला 2 वर उभं करा, तोंड मोठ्या आकड्यांकडे. 2 वजा ऋण 3 करायचंय. वजा आलं, मागे वळ, आता तोंड लहान आकड्यांकडे. ऋण 3 म्हणजे तीन पावलं उलटी, पाठीमागे. पोरगं मागे मागे जातं, खाली बघतं तर 5! दोनदा उलटं झालं की पुढेच जातो हे त्याच्या पायांना कळलेलं असतं, मग लगेच वहीत मांडून घ्यायचं, नाहीतर नुसती मजाच होते.

कायनेस्थेटिकचं तर सोडाच. 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, मुलाची ‘स्टाइल’ बघून तसं शिकवलं की तो जास्त शिकतो याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. ऋण संख्या सगळ्यांनाच अवघड जातात हो, रेषेवर सगळ्यांनाच चालवा.

आणि हो, गळ्याच्या हाडाखाली चोळलं की मेंदू तल्लख होतो असले ‘ब्रेन जिम’ प्रकार शाळांत चालतात, त्यांना टाइमपास म्हणा की, मीही तुमच्या बाजूने. कारण त्यात धडाच नसतो.